सहावा खड्डा

खड्ड्याच्या भिंतीवर तिने हातोडा मारला. खणकन आवाज यायला हवा होता. त्याऐवजी टोक सरळ आत रुतलं आणि ते उपसताना दगडाचा एक ढलपा तिच्या बुटावर पडला.

वर काठावर बसलेला खणणारा हसला. "मॅडम, याला दगड म्हणायचं की बिस्कीट?"

ती हसली नाही. तिने ढलपा उचलून चिमटीत दाबला. दिसायला अस्सल ग्रॅनाइट, ठिपक्या-ठिपक्यांचा, पण जागच्या जागी कुजलेला. गुलाबी कणांची कधीच चिकणमाती झाली होती, काचेसारखे कण तेवढे रेतीसारखे शाबूत होते. काळा दगड कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो, पण त्याचा गाभा टणक राहतो. हा मात्र रूप तसंच ठेवून आतून जातो. त्यात पाणी मुरलं की उतार धरून ठेवायला काही उरत नाही.

आणि या उतारावर शाळा होती. मागच्या भिंतीला गेलेला तडा बघायला भूगर्भतज्ज्ञ म्हणून तिला बोलावलं होतं.

काठावर चढून तिने जुना अहवाल उघडला. खड्डा क्रमांक सहा, हीच जागा. 'दीड मीटरवर कठीण काळा दगड.' खाली पस्तीस वर्षांपूर्वीची सही. तीच सही तिच्या लहानपणच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर, पालकांच्या जागी होती.

शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनीही ते आडनाव वाचलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा असेलही कठीण. इतक्या वर्षांत झिजला असेल, नाही का?"

वाट सोपी होती. कोणी विचारलंही नसतं.

"बाई, दगडाची माती व्हायला हजारो वर्षं लागतात. पस्तीस वर्षांत त्याचा रंगसुद्धा धड बदलत नाही," ती म्हणाली. "मागचे चारही वर्ग आजच रिकामे करा."

मुलं दप्तरं घेऊन मैदानात आली तशी ती निघाली.

बाबा स्वयंपाकघरात नळाचा वॉशर बदलत होते. तिने कागदात गुंडाळलेला ढलपा टेबलावर ठेवला. त्यांनी सवयीने तो उचलला, अंगठ्याने दाबला. टेबलावर भुगा पडला.

"छान नमुना आहे. कुठला?"

"शाळेमागचा. सहा नंबर."

त्यांनी पाना खाली ठेवला. बराच वेळ ते भुग्यातले कण बोटाने वेगळे करत राहिले, रेती एकीकडे, माती एकीकडे.

"पाच खड्डे काळ्या दगडाचे निघाले होते," ते अखेर म्हणाले. "सहावा वेगळा कशाला निघेल, म्हटलं. खणलाच नाही. शितावरून भाताची परीक्षा केली."

"बाबा, तुम्हीच मला सांगायचात, दगड बदलतो तिथे पाटी लावलेली नसते."

"ते नंतर सांगायला लागलो."

तिला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर मुख्याध्यापिकांसारखी वाट सुचवतील. दोन्हींची उत्तरं ती गाडीतच तयार करून आली होती.

"अहवालात मला लिहावं लागेल," ती म्हणाली. "तुमच्या नावासकट."

"लिहायलाच हवं."

ते उठले. हात धुतले, नॅपकिनला एकेक बोट पुसलं, आतून चष्मा आणला आणि तिच्यासमोर बसले.

"वही आणलीस?"

"आहे. का?"

"काढ," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "न खणलेली आणखी दोन ठिकाणं आहेत. एका ठिकाणी आता हॉस्पिटल झालंय."

तिने वही उघडली. पेन मात्र पिशवीत काही केल्या हाताला लागेना.