निवारा सज्ज आहे

कुलूप निघालं, पण दार चार बोटांपलीकडे सरकेना.

“कालपर्यंत तर कर्ण्यावरून ओरडत होतात, निवारा सज्ज आहे म्हणून!” लाँड्रीवाला कारकुनावर खेकसला. मागे साठ-सत्तर माणसं पोराबाळांसकट ताटकळत होती. वादळाचा वारा क्षणाक्षणाला चढत होता.

दार अडलं होतं आत कोंबलेल्या, नगरपालिकेच्या मोडक्या कपाटांनी. कारकून दरसाल ‘निवारा तपासला, सज्ज आहे’ या छापील ओळीखाली बसल्या जागी सही करायचा. किल्ली त्याच्याच खणात, निवारा पन्नास पावलांवर. पहिल्या वर्षी त्याने ‘उघडून बघू का’ असं विचारलं, तेव्हा साहेब हसले होते. “अहो, समुद्र कुठे, आपण कुठे! इथवर येईतो वादळालाच धाप लागेल.” हा विनोद कारकुनाने अकरा वर्षं गावभर वाटला.

पत्र्याचं घर सोडायला त्याची ताई तयार नव्हती. “हट्ट करू नकोस,” तो सकाळी तिच्यावर डाफरला होता, “माझ्या सहीचा निवारा आहे.” त्याला लहानाचा मोठा केलेली बहीण ती, मुकाट्याने गाठोडं बांधून आली.

चौघांनी खांदे लावले, दार उघडलं. पण निम्मी खोली कपाटांनीच खाल्लेली. माणसं दाटीवाटीने घुसली. वारा दार उखडायला लागला, तशी तीच कपाटं लोकांनी दाराला टेकवली.

“ताई कुठेय?”

“उरल्या जागेत बाळंतिणीला आत ढकललं आणि स्वतः मागे फिरल्या,” लाँड्रीवाला खालमानेने म्हणाला. “गाठोडं तेवढं तुमच्यासाठी दिलंय.”

कारकून कपाटांवर धावून गेला. तिघांनी त्याला धरलं. “दार उघडलंत तर सगळेच मरू!” तो शिव्या देत राहिला, रडत राहिला. कोणी सोडलं नाही आणि त्यांचं चुकलंही नव्हतं.

संध्याकाळी वारा पडल्यावर ताई सापडली, पत्र्याखाली.

गाठोडं त्याने तिसऱ्या दिवशी सोडलं. आत त्याचाच कोरडा सदरा, त्याचा टॉवेल, त्याची सर्दीची गोळी. तिचं स्वतःचं एक लुगडंसुद्धा नव्हतं.

तो सदरा घालून तो कचेरीत गेला. अहवाल टाइप होऊन आला होता: ‘निवारा सज्ज होता.’ त्याने ओळ खोडली, खाली लिहिलं, ‘मी अकरा वर्षं दार उघडून पाहिलं नाही,’ आणि सही केली.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं.

“खाडाखोड चालत नाही हो,” ते म्हणाले, आणि ‘निवारा सज्ज होता’ अशी टाइप केलेली दुसरी प्रत त्याच्यापुढे सरकवली.