अजून ताटावर आहे

“वहिनी, काट्याला असं गुंडाळायचं, मग तोंडात घालायचं,” कल्याणप्पा म्हणाले. “इटलीच्या शेवया आहेत या.”

“शेवया गोड करत्यात,” आत्याबाई म्हणाल्या. “ह्या लोकाला गूळ मिळत न्हाय का?”

कल्याणप्पा खळखळून हसले. शिवशरणही हसला. मी त्याच्या उजव्या हाताकडं पाहत होते. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याच्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त पाहते.

सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही ढोकीहून पुण्याला आलो होतो. कल्याणप्पा मूळचे आमच्याच भागातले, आता पुण्यात पंपांचे व्यापारी. ढोकीची एजन्सी ते कुणाला तरी देणार होते आणि शिवशरणला ती हवी होती. म्हणून हे कॅम्पातलं इटालियन हॉटेल, टेबलावर मेणबत्ती, मांडीवर इस्त्रीचा रुमाल आणि शेजारी एका डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या आत्याबाई.

लेक गिरजा माझ्या मांडीवर होती. तिचा कान गेल्या महिन्यापासून वाहतो. मार माझ्यासाठी होता. ती कडेवर होती, तिला लागला. हाक मारली तर ती वळते का, हे मी दिवसातून किती वेळा पाहते त्याला हिशेब नाही. पुण्यात माझी मैत्रीण नर्स आहे, तिला कान दाखवू का, असं मी आत्याबाईंना विचारलंही होतं.

“वहिनी, दुष्काळ लई हाय म्हणं यंदा,” कल्याणप्पा म्हणाले. “पण शिवशरण म्हणतो, बोअरला पाणी लागतंय. पंप खपतील ना?”

“कुठलं पाणी, अप्पा? बोअर मारलं की नुसती धूळ निघते. पोरीची बाटली धुवायलासुद्धा टँकरची वाट बघावी लागते.”

बोलून गेले, आणि काय बोलले ते मग कळलं.

“हिला काय कळतंय? बी.ए. झालीय ती,” शिवशरण हसत म्हणाला.

“बघू,” कल्याणप्पा म्हणाले. “पुढच्या साली बघू.”

टेबलाखाली शिवशरणच्या बुटाची टाच माझ्या पायाच्या बोटांवर आली आणि तिथंच राहिली. वर तो पाव मोडत होता.

मी सावकाश जेवायला लागले. एकेक शेवई.

आमच्या घरात जेवणाऱ्याच्या अंगाला हात लावत नाहीत. ताट म्हणजे प्रसाद. शेवटी ताटात पाणी ओतायचं, बोटानं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं. तेव्हा जेवण संपतं. तोवर माणूस ताटावर असतो. सासरे रागीट होते, पण बायको ताट धुऊन पिईपर्यंत तेसुद्धा चाबूक हातात धरून उंबऱ्यावर बसून राहायचे. मला पहिल्यांदा मार बसला त्या रात्री आत्याबाईंनी हळद लावता लावता सांगितलं होतं, “सावकाश जेवत जा ग. कदी कदी राग उतरतो तवर.” त्यांच्याकडून मी तेवढं एक शिकले होते. चतकोर भाकरी कितीही वेळ पुरवता येते.

गिरजा रडायला लागली. तिला सावरायला मी काटा आणि चमचा बशीत नीट शेजारी शेजारी ठेवले. अशा हॉटेलात त्याचा अर्थ ‘जेवण झालं’ असा होतो, हे मला मागून कळलं. मागून पांढरा हातमोजा आला आणि बशी उचलून घेऊन गेला.

“अहो, मी जेवतेय...” मी म्हणाले. वेटर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचला होता. माझ्यासमोर नुसता पांढरा कपडा.

“झालं हिचं,” शिवशरण उठला. “अप्पा, पोरीचं तोंड धुऊन आणतो.” त्यानं माझं मनगट धरलं. बांगडी पिचून आत रुतली. कल्याणप्पांनी ते पाहिलं. पाहिलं आणि मेनूकार्ड उघडलं.

हात धुवायची जागा मागच्या बोळात होती. गुळगुळीत फरशीच्या भिंती, मोठा आरसा. पहिला फटका तोंडावर बसला तो मला आरशात दिसला. मी गिरजेला पोटाशी घेऊन भिंतीकडं वळले. त्यानं केस धरून माझं कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा. परत.

“टँकरची वाट बघती? बघ आता!”

तिसऱ्या वेळी गिरजेचं डोकं मध्ये आलं असतं. मी हात मध्ये घातला. करंगळी वाजली.

“शिवशरण.”

दारात आत्याबाई उभ्या होत्या. एका डोळ्यानं अंदाज घेत, भिंतीला हात लावत आल्या होत्या. दुसऱ्या हातात त्यांची स्वतःची बशी. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

“ती जेवायची हाय अजून.”

“आई, तू आत जा.”

“ताटावर हाय ती.”

शिवशरणनं हात उगारला आणि बशीवरच मारला. चिनी माती फरशीवर फुटली. शेवया, पांढरा रस्सा, आणि त्यात माझ्या कपाळावरचे लाल थेंब.

आत्याबाईंनी खाली पाहिलं. नवऱ्यानं आयुष्यभर पाळलं होतं, ते पोरानं मोडलं. मग त्या गुडघ्यावर टेकल्या. बशीचा मोठा तुकडा उचलला, उठून नळाखाली धरला. त्यात जरासं पाणी घेतलं, बोटानं फिरवलं आणि पिऊन टाकलं. काठानं ओठ कापला.

“झालं माजं जेवण,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “मार आता.”

मग मान न वळवता मला म्हणाल्या, “अयोध्या, तुजी ती नर्स मैत्रीण हितंच ऱ्हाती ना? जा. पोरीचा कान दाव तिला.”

“आणि तुम्ही?”

“मला कोण काय करतंय? जा म्हणते ना.”

मी मागच्या दारानं निघाले. रस्त्यावरून वळून उघड्या दारातून पाहिलं, तेव्हा शिवशरणचा हात वरच होता. आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या डोळ्यावरची पट्टी सोडायला लागल्या.