सोजर गुंड हिला श्रद्धांजली

कॉलेजच्या मैदानात मांडव पडला होता आणि मांडवात निम्मं सोलापूर येऊन बसलं होतं. म्हणजे या कॉलेजातून डिग्री घेऊन बाहेर पडलेलं सोलापूर. वकील, डॉक्टर, मामलेदार, एक तर थेट दिल्लीहून आलेला आणि ते दर दोन वाक्यांनी सांगणारा. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, साल चौऱ्याहत्तर. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, आणि बायकांतल्या बहुतेक सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या मंडळी.

विजयमाला काशीदही तशीच बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. तिचे यजमान आबासाहेब पुढच्या रांगेत, सत्कारमूर्तींत. अक्कलकोट रोडला त्यांचा चादरींचा कारखाना, त्याबद्दल आज शाल-श्रीफळ. पण विजयमाला काही शाल बघायला आली नव्हती. तिला गणिताच्या कोरे सरांना गाठायचं होतं. मंगळवारी मुलींच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, आणि शाळेनं बजावलं होतं, एवढी वर्षं घरी बसलात तर जुन्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र तरी आणा. सर रिटायर होऊन धारवाडला गेलेले. आज आलेले, आजच दुपारच्या गाडीनं परत निघणार. आज नाही तर नाही.

आता गंमत अशी की, कोरे सर ज्या मुलीला ओळखत होते ती विजयमाला नव्हतीच. ती सोजर. मोहोळच्या कोंडीबा गुंडांची सोजर, गणितात विद्यापीठात पहिली आलेली. निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. सासूबाई म्हणाल्या, "सोजर कसलं नाव, बांधावरनं हाक मारल्यागत." ताटात तांदूळ पसरले, आबासाहेबांनी अंगठीनं त्यावर 'विजयमाला' लिहिलं, पेढे वाटले आणि सोजर संपली.

सूत्रसंचालन रामहरीकडे होतं. हा माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस, सोजरच्या पुढच्या वर्गातला. सत्कारांच्या आधी त्यानं आवाज खाली आणला.

"आपल्यातले काहीजण आज आपल्यात नाहीत. ॲडव्होकेट सिद्धप्पा, ऐन भरात गेले. आणि तेव्हाच्या कुमारी सोजर कोंडीबा गुंड. आज पहिला सत्कार त्यांचाच ठरला होता. मी स्वतः मोहोळला गेलो, तेव्हा कळलं. पहिल्या बाळंतपणातच गेल्या. आपण उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळू."

विजयमालाला लगेच उलगडलं. गुंडांच्या भावकीत आजीचं नाव प्रत्येक घरात एका नातीला द्यायची रीत. थोरल्या चुलत्यांचीही सोजरच. ती मंगळवेढ्याला दिलेली, ती बाळंतपणात गेली. वडील वारल्यावर हिच्या माहेरच्या घराला कुलूप. रामहरीनं गुंडांची सोजर विचारली, गावानं उरलेल्या घरातली सांगितली.

खुर्च्या वाजल्या. सगळे उभे राहिले. विजयमालाही उभी राहिली.

काहीतरी वाटायला हवं होतं. राग, निदान हसू तरी. पण दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. समोर मांडवाच्या कापडाला एक ठिगळ होतं, ते ती बघत राहिली. तेवढ्यात आबासाहेबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांना तर ठाऊकच होतं. एक क्षण पाहिलं, आणि पुन्हा पुढं बघून हात जोडले.

खाली बसल्यावर शेजारच्या गौरम्मा, एका दुसऱ्या वकिलांच्या मंडळी, तिच्या कानाशी आल्या. "अय्यो, बाळंतपणात गेली म्हणे. लई हुशार होती की."

"होती," विजयमाला म्हणाली.

"एवढं शिकून काय झालं सांगा."

"काही नाही झालं," ती म्हणाली, भाजीचा भाव सांगावा तशी.

मग रामहरीनं जाहीर केलं की गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी 'कै. सोजर गुंड पारितोषिक' मिळेल. कोरे सर बोलायला उठले. "फळ्यावरचं गणित माझ्या आधी सोडवून बसायची," ते म्हणाले. "मला राग यायचा." एवढं बोलून त्यांनी रुमाल काढला. विजयमाला ऐकत होती, दुसऱ्या गावची बातमी ऐकावी तसं. गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. घरी विजयमाला जिवंत होतीच, तिच्या हातची भाकरी सगळ्यांना आवडत होती.

सत्कार सपत्नीक होते. नाव पुकारलं तसे दोघं पायऱ्या चढू लागले. आबासाहेब ओठ न हलवता म्हणाले, "आत्ता काही बोलू नको हं. त्या रामहरीची शोभा होईल. मागनं सावकाश कळवू."

"सर दुपारी जाणार."

"धारवाडला पोस्ट जातं की."

"मुलाखत मंगळवारी आहे."

"अगं, फोटो काढतायत," आबासाहेब म्हणाले आणि हसले.

प्राचार्यांच्या पत्नीनं तिची ओटी भरली. कोरे सरांनी आबासाहेबांच्या खांद्यावर शाल घातली आणि तिला नमस्कार केला. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"सर, मी सोजर."

"तिच्या नात्यातल्या का तुम्ही?"

"नाही. मी तीच. गेली ती माझी चुलतबहीण. लग्नात माझं नाव बदललं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ बघितलं.

"मग मघाशी उभी का राहिलीस?"

"सगळे उभे राहिले, सर."

सर रामहरीकडे वळले. "रामहरी, माइक आण इकडं."

"सर, अजून बरेच सत्कार राहिलेत, वेळ—"

"मेलेल्यांना दोन मिनिटं दिलीस ना? जिवंत माणसाला एक दे."

सरांनी सांगितलं. मांडवात कुजबुज झाली, मग टाळ्या. टाळ्या श्रद्धांजलीपेक्षा कमीच वेळ वाजल्या. गौरम्मा तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. रामहरी माइकची वायर गुंडाळत राहिला, ती गुंडाळायची नव्हती तरी. विजयमाला टाळ्या संपायची वाट बघत उभी राहिली. अंगातली सुई अजून उतरली नव्हती.

जेवणाआधी प्राचार्यांच्या खोलीत सर कागद घेऊन बसले. "नाव काय घालू?"

"विजयमाला काशीद घाला सर," आबासाहेब म्हणाले. "शाळेला तेच लागेल."

सरांनी पेन उचलून धरलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"सोजर कोंडीबा गुंड घाला," ती म्हणाली. "डिग्री तिची आहे. खाली लिहा, लग्नानंतरचं नाव अमुक."

आबासाहेबांनी खांद्यावरची शाल सारखी केली. सरांनी लिहिलं, सही केली, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला आणि तिलाच दिला.

दोघं टांग्यानं घरी निघाले. पार्क चौक मागं पडल्यावर आबासाहेबांनी विचारलं, "आईला काय सांगायचं?"

"मंगळवारच्या भाकरी त्यांना थापाव्या लागतील, एवढंच सांगा," ती म्हणाली आणि वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून त्यावर हात ठेवून बसली.