आहेर तीनदा पुकारला

हर्षदाच्या लग्नात धुडकूकाकांनी केलेला आहेर कुणाला दिसला नाही. ताट होतं, ताटात नारळ आणि ब्लाउजपीसही होता. पण खरा आहेर मोबाइलमध्ये होता, आणि मोबाइल काकांच्या खिशात.

काका तिचे सख्खे कोणी नव्हेत. सुरतजवळ कडोदऱ्याच्या लूमवर तिचे वडील बन्सीलाल आणि काका एकाच पाळीत. धुळ्याकडून नवीन आले तेव्हा काकांनी पहिला संसार बन्सीलालच्या डिंडोलीच्या खोलीत अर्ध्या भिंतीला पडदा लावून मांडला होता. ते काका विसरले नाहीत. पुढे त्यांचा सागर साड्यांची नक्षी काढू लागला आणि एका परदेशी गिऱ्हाइकाने त्याला मजुरी डिजिटल नाण्यांत दिली. तेव्हा त्यात बापलेकाचा वडापाव आला असता. काही वर्षांत त्यातच जुनी रिक्षा येऊ लागली. काका सागरला म्हणाले, रिक्षा राहू दे, बन्सीच्या पोरीचा आहेर होईल.

आता आमच्या खानदेशी लग्नात आहेर करणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे तो माईकवरून पुकारला जाणं. हे काम गल्लीतल्या माईकवाल्या धर्मेंद्रचं. पातेली, साड्या, टेबलफॅन त्याने एका सुरात पुकारले आणि काकांच्या वेळेला घसा साफ केला.

"धुडकू आनंदा महाजन यांजकडून आजच्या शुभदिनी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हर्षदाला डिजिटल नाण्यांचा आहेर, मोबाइलमधूऽऽन!"

मांडव हसला. काका सरळ स्टेजवर चढले. "परत पुकार. मांगे ऐकू उनं नही."

त्याने परत पुकारलं, तर मधेच बँड सुरू झाला. काकांनी हात करून बँड थांबवला आणि तिसऱ्यांदा पुकारायला लावलं. हर्षदाची आई मंगलाबाई विहिणीशेजारी बसल्या होत्या. पदर तोंडावर घेऊन त्या म्हणाल्या, "या माणूसले कोनी खाले उतारा रे!"

नाणी मात्र त्या दिवशी पोचली नाहीत. नाणी घ्यायला खातं उघडताना अ‍ॅपने हर्षदाचा चेहरा मागितला, आणि हळदीने माखलेला, मुंडावळ्या बांधलेला चेहरा त्याला आधार कार्डावरच्या मुलीचा वाटेना. हळद उतरली, चार दिवसांनी अ‍ॅपची खात्री पटली आणि नाणी आली.

पुढच्या वर्षी डिंडोलीत एक छोटा गाळा निघाला. हर्षदाला तिथे शिलाईचं दुकान टाकायचं होतं. तिने नाणी विकून गाळ्याची रक्कम उभी केली आणि मग एक चूक केली. कर भरला.

असल्या नाण्यांसाठी रिटर्नमध्ये वेगळा तक्ता आहे. त्याने खरेदीची किंमत विचारली. हर्षदाने काकांना फोन केला, "काका, आहेर केवढ्याला पडला?" काका दोन दिवस बोलले नाहीत. आहेराची किंमत कुणी विचारतं का? मग पुढच्या रकान्याने देणाऱ्याचं नातं विचारलं. यादीत आई, बाप, भाऊ, बहीण होते. पडद्यापलीकडचा काका हे नातं नव्हतं. तिने 'इतर' निवडलं, आणि काका आणखी दोन दिवस बोलले नाहीत.

एवढं सगळं नीट भरल्यामुळे नोटीस आली. सोसायटीत असली नाणी घेऊन गप्प बसलेले तिघे होते, त्यांना कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. नोटिशीचा मतलब असा, की लग्नाच्या आहेराला कर नाही, पण लग्न एका तारखेला आणि नाणी चार दिवसांनी, तेव्हा हा लग्नाचा आहेर कशावरून? खुलासा पटला नाही तर स्रोत न कळलेली मालमत्ता समजून निम्म्याहून जास्त कापू. म्हणजे गाळा गेला.

"मी भरस दंड," काका म्हणाले. "आहेर मना, दंडबी मना."

"काका, आहेरावर दंड तुम्ही भरलात तर आई मला घरात घेईल का?"

लग्नाचा व्हिडिओ होता. पोर्टलने तो घेतला नाही. पोर्टलला पीडीएफ हवी होती, तीही लहान. तीन तासांचा विवाहसोहळा पीडीएफमध्ये बसेना. कर सल्लागाराने फी घेतली आणि पुढच्या लग्नात रोख घ्या, असा सल्ला दिला. शेवटी हर्षदानेच व्हिडिओ कॉलवर सुनावणी मागितली.

सुनावणीला तिच्या माहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. बन्सीलाल इस्त्रीचा शर्ट घालून बसले. काकांना मागे बसायची आणि न बोलायची अट होती. दारात अर्धी सोसायटी उभी. पडद्यावर आयकराचे साहेब आले. सभ्य माणूस, नुसता दमलेला.

"चार दिन बाद आयी चीज़ शादी का गिफ्ट कैसे हुई?"

हर्षदाने हळदीचं सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला. "हल्दी का कोई प्रमाण?"

तिने मोबाइलवर व्हिडिओ लावून लॅपटॉपपुढे धरला.

"आवाज नहीं आ रही, बहनजी."

दारातल्या गर्दीतून धर्मेंद्र पुढे झाला. त्याच्या टेम्पोत दोन स्पीकर कायम असतात. वायर खिडकीतून आत आली, आणि गल्लीत एकदम लग्न लागलं.

"धुडकू आनंदा महाजन यांजकडून..." साहेब पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठले. नेट गेलं होतं. नेट आलं तोवर व्हिडिओतलं दुसरं पुकारणं सुरू, आणि त्यात बँड घुसला. हर्षदाने डोळे मिटले.

मग व्हिडिओत काकांचा हात वर गेला, बँड थांबला, आणि तिसऱ्यांदा लख्ख ऐकू आलं: आजच्या शुभदिनी, हर्षदाला, डिजिटल नाण्यांचा आहेर. मागे कापडी कमानीवर दोघांची नावं आणि तारीख. खाली हर्षदा, कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळी.

साहेब कॅमेऱ्याकडे झुकले. "ये स्टेज पर चढा हुआ आदमी कौन है?"

"मी!" काका उठलेच. "मी आहेर करेल शे, चोरी नही!"

"तीन बार क्यों बुलवाया?"

"साहेब, सरकार एक खेपमा ऐकस का कधी?"

बन्सीलालांनी कपाळावर हात मारला. साहेबांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. मग वर न बघता म्हणाले, "रिकॉर्ड पर ले लिया है."

आदेश यायचा तेव्हा आला. खुलासा मान्य, कारवाई बंद. गाळा राहिला. दुकानाच्या उद्घाटनाला हर्षदाने नारळ काकांच्या हातून फोडवला. काकांनी खिशातून तो आदेश काढून धर्मेंद्रला दिला. धर्मेंद्रने तो लग्नातल्याच सुरात वाचला, कलम-पोटकलमांसकट, आणि शेवटचा "मान्यऽऽ" चौकापर्यंत लांबवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन माणसं आपापल्या नोटिसा घेऊन धर्मेंद्रचा दर विचारायला आली.

धर्मेंद्र माईक ठेवणार, तोच मंगलाबाई पदर खोचून पुढे झाल्या.

"थांब रे. परत पुकार," त्या म्हणाल्या. "मांगे ऐकू उनं नही."