येते

"बाई, संध्याकाळच्या आत हवेत हं तक्ते," मुख्याध्यापक रिकाम्या वर्गाच्या दारातूनच म्हणाले आणि गेले.

दहावीच्या चाळीस मुलांना गणित, विज्ञान, तंत्रज्ञानातलं काय काय यायला हवं, त्याची ही यादी. अध्ययन निष्पत्ती. प्रत्येक निष्पत्तीपुढे दोन रकाने, 'येते' आणि 'येत नाही'. विज्ञानाच्या बाईंचा हात त्यावर असा बसला होता की न वाचताच खुणा 'येते'खाली सरळ रेषेत उतरायच्या. दुसऱ्या रकान्यात खूण केली की लेखी खुलासा द्यावा लागतो. नसती ब्याद कोण ओढवून घेईल?

"बाई, येऊ का?"

दोन वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. उंचीमुळे अख्खा वर्ग तिला शिडी म्हणायचा. नुकतीच लेथच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली होती.

"अगं शिडी! ये, ये. नाव काढलंस हो शाळेचं!"

"कसलं काढलं, बाई. घालवलं." शिडी हसली नाही. "मुलाखतीत मी दाखल्यासोबत मिळालेला तुमच्या सहीचा तक्ता दाखवला. 'व्हर्निअर कॅलिपरने मोजता येते.' त्याच्यावरच घेतलं त्यांनी मला. काल फोरमननी कॅलिपर हातात दिला, म्हणाले, या सळईची जाडी सांग. मला तो धरायचा कसा तेच कळेना. सगळे फिदीफिदी हसले. म्हणाले, शाळेत झोपा काढल्यास काय?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, बाईंनी छान शिकवलं होतं, मीच विसरले. तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं? सोमवारी परत विचारणारेत. नाही आलं तर घरी बस म्हणाले. एकदा दाखवा ना, बाई."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी विसरली कुठे होती? विसरायला आधी कुणी शिकवावं लागतं! शाळेत कॅलिपर एकच, हरवला तर जबाबदारी आपली, म्हणून त्यांनी फळ्यावर चित्र काढून धडा उरकला होता. पुराणातली वांगी पुराणात, कपाटातला कॅलिपर कपाटात.

त्यांनी कपाट उघडून डबी काढली. कंपनीची चिकटपट्टी अजून तशीच होती. ती नखाने सोलताना चर्र आवाज झाला आणि शिडी त्या पट्टीकडे बघतच राहिली. तिला सगळं कळलं. तिला कळलं, हे बाईंनाही कळलं. पण पोरीने नुसती डबी जवळ ओढली. तिने कॅलिपरमध्ये खडू धरला.

"कुठली रेघ बघायची, बाई?"

बाईंनी चष्मा पुसला. कॅलिपर उजेडाकडे नेला, तिरका केला. थाप मारता आली असती. अकरा वर्षं मारलीच होती की.

"मला येत नाही गं," त्या म्हणाल्या. "मी कधी हातातच धरला नव्हता."

शिडीने बाकावर सरकून जागा केली.

"बसा, बाई. डबीत कागद आहे माहितीचा."

बाई मुलांच्या बाकावर बसल्या, आणि शिडीने पहिली ओळ मोठ्याने वाचायला घेतली.