कुणाचा चैत्र खरा?

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका हे पहिलंच सांगून ठेवतो. माझ्या अंगात तीन रबरी पट्टे आहेत, दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा. आज कोणता दिवस आहे हे मला कळत नाही. ज्याचा अंगठा चाकावर, त्याची तारीख माझ्या तोंडी.

१९५७ साली मी नवाकोरा नंदुरबारच्या एका कचेरीत आलो. कारकून भाईदास मला फार जपायचा. शाई पुसायचा, 'काय सुरेख उमटतो' म्हणायचा. मला तेव्हाही त्याच्या अंगठ्याचा संशय यायचा.

त्याच साली सरकारने नवं पंचांग काढलं. त्यातला चैत्र बावीस मार्चला लागला. घरोघरचा चैत्र पाडव्याला, म्हणजे नऊ-दहा दिवसांनी. शिक्षिकेच्या एका जागेसाठी अर्ज मागवायचा हुकूम आला, त्यात मुदत लिहिली होती : ३० चैत्र, म्हणजे २० एप्रिल. भाईदासने तो कचेरीबाहेरच्या पाटीवर उतरवताना कंटाळा केला. नुसतं '३० चैत्र' लिहून मोकळा झाला.

चोवीस एप्रिलला तापीकाठची नर्मदाबाई अर्ज घेऊन आली. सातवीची फायनल परीक्षा पास झालेली, हुशार बाई. मुदत संपली, असं भाईदास म्हणाला. तिने पिशवीतून घरचं पंचांग काढून त्याच्यापुढे आपटलं. पंचांगात अमावास्येपुढे तीस आकडाच असतो. चैत्राची अमावास्या यायला अजून पाच-सहा दिवस होते.

भाईदासने पाटीकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मग आवाज एकदम मऊ झाला.

"वीस तारीख मारी देस, ताई. कोनले सांगू नका."

त्याने माझं चाक मागे फिरवलंसुद्धा. काय दयाळू माणूस! वीस तारीख उमटली की अर्ज मुदतीत बसणार आणि त्याने अर्धवट लिहिलेली पाटी कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही.

पण नर्मदाबाईच्याच गावच्या शोभाबाईला त्याने आदल्या दिवशी परत धाडलं होतं. नर्मदाबाई डोळे बारीक करून म्हणाली, "काल शोभाले हाकली दिधं नि आज माले वीस तारीख? आजनीच मारा, भाऊ. तुमना चैत येगळा शे, आमना येगळा शे, हाई पाटीवर का बरं लिखं नही?"

मी चोवीस उमटलो. त्याखाली तिने उशिराचं कारण स्वतःच्या अक्षरात लिहिलं. साहेबाने ते वाचलं, पाटी मागवली, भाईदासला उभा धुतला आणि अमावास्येपर्यंत सगळ्यांचे अर्ज घ्यायला लावले. शोभाबाईचाही आला.

जागा एकच होती. ती शोभाबाईला मिळाली, तिचे गुण जास्त होते. नर्मदाबाईचा दुसरा अर्ज पुढच्या साली माझ्याखाली आला, तोही मुदतीच्या पहिल्याच दिवशी. मग तिला विसरवाडीकडची शाळा मिळाली. 'वीस मारा' म्हणाली असती तर कदाचित वर्ष वाचलं असतं. पण ती म्हणाली नाही.

मित्रांनो, माझ्या पट्ट्यावर वर्षं बाराच. अडुसष्ट संपलं आणि मला खणात टाकलं. मला त्याचं दुःख नाही. भीती वेगळीच आहे. पट्टा गोल असतो. अडुसष्टच्या पुढे चाक फिरवलं की पुन्हा सत्तावन्न येतं.

परवा भाईदासने खण उघडला. तो आता हेडक्लार्क झालाय. त्याने मला झटकलं, चाक फिरवलं आणि सत्तावन्नवर थांबला. शाईला अजून लावलेलं नाही.

मला पुसा, जपा असं मी म्हणणार नाही. कात्री आणा आणि माझा पट्टा कापा.