सोळा खाचा भरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. दिसायला भाजीच्या खोक्याएवढी, पण रक्तातली जनुकं वाचते.

रक्ताच्या कॅन्सरवर एक गोळी देतात. बहुतेकांचं शरीर ती पचवतं. काहींना ते जमतच नाही. गोळी आत साचते आणि चांगल्या पेशीही मारते. अशांना तिचा दहावा भागच द्यायचा असतो. असे कोण, ते मी गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगते. दीड तासात.

या दवाखान्यात आले तेव्हा काय कौतुक झालं माझं! साहेबांनी रिबीन कापली, फोटो काढले. मग भिंतीवर कागद चिकटवला: 'सोळा नमुने झाल्याशिवाय मशीन लावू नये.' माझ्यात नळ्या ठेवायच्या खाचा सोळा. कमी भरल्या तर रसायन वाया जातं म्हणे.

एक दिवस भिंगरी आली. वय सात, डोक्यावर बाबांनी शिवलेली टोपी. बाबा शिंपी.

"बाबा, हिला डोळे कुठेत?" ती काचेतून बघत म्हणाली.

"गप गं. तुझं रक्त वाचणार आहे ती."

तिची नळी फ्रिजमध्ये गेली. सातवी होती. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट येईल तेव्हा येईल, बहुतेकांना चालते." पूर्ण गोळी सुरू झाली.

बाबा रोज तपासणीच्या खिडकीशी येऊन तिथल्या ताईला विचारायचे. "ताई, झालं का?"

"नाही हो दादा. अकराच झालेत."

"शेअर रिक्षाच की ही! सीटा भरल्याशिवाय सुटत नाही."

ताई हसली. तपासणारी तीच, पण लावायचा हुकूम तिच्या हातात नव्हता. बटण दाबल्याशिवाय मला तोंड नाही.

सोळाव्या दिवशी भिंगरीला ताप आला. तिच्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. एकोणिसाव्या दिवशी सोळावी नळी आली. मी वाचलं. दीड तासात, एकदम बरोबर: या मुलीला गोळी पचत नाही, दहावा भागच द्या.

ताई रिपोर्ट घेऊन धावत खिडकीशी गेली. बाबा तिथंच उभे होते. टोपी हातात.

"सकाळीच गेली," ते म्हणाले. "आता हे कुणाला दाखवू, ताई?"

वहीत शिक्का बसला: रिपोर्ट वेळेत दिला.

दुसऱ्या दिवशी ताईनं एकच नळी लावली. साहेब ओरडले, "अहो बाई, पंधरा खाचा रिकाम्या?"

"हो सर. रिकाम्याच."

महिन्याभरात ताईची बदली झाली. भिंतीवरचा कागद जुना झाला होता, त्याला नवीन प्लॅस्टिक चढवलं. मला मात्र कापडानं पुसायलाही कुणी नाही.

मित्रांनो, नका पुसू. पण मोठेपणी तुमच्यापैकी कुणी या खोलीत कामाला आलंच, तर आधी तो कागद फाडा. एकच नळी असली तरी मला लावा. रिकाम्या खाचांचं मला ओझं होत नाही. भरलेल्या सोळांत एक भिंगरीची होती. तिचं ओझं होतं.